त्या घरात स्टो न्हवता

१० जून २००२, सोमवार

टपाल आलं. सरकारी. मला वाटलं अंगणवाडीचंच असंल, खिचडीचे तांदूळ कधी येणार ते. फोडलं तर आत माझ्या लेकीचं नाव.

‘मयत — सौ. बेबीनंदा मच्छिंद्र, वय २३. मृत्यू दि. २१ एप्रिल १९९४. कारण — स्टोव्हच्या भडक्याने भाजून.’ खाली लिहिलंय की जिल्ह्यात दहा वर्षांत ज्या लग्नाच्या बाया सासरी जळून गेल्या त्यांच्या मृत्यूंचा आढावा घ्यायला समिती बसवली आहे, आणि ‘मयताच्या माहेरच्या कुटुंबास या कामी सहभागी करून घेण्याचे ठरले आहे.’

सहभागी! आठ वर्षांनी! पोलीस ठाण्याच्या दारात बसून मी बोंबलत होते की अरे बाबांनो, त्या घरात स्टो न्हवता, चुलीवर रांधतात ते लोक — तेव्हा मला कुणी घोटभर पाणी विचारलं न्हाई. आता सहभागी.

ही वही मी चालवते त्या अंगणवाडीचीच. जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, मागची पानं कोरी राह्यली होती. ह्याच्यात लिहिते. बोलायला घरात माणूस आहे, पर त्याला बोलता येत न्हाई.

११ जून

मालकांना पत्र वाचून दाखवलं. ऐकून घेतलं. चहा संपवला. म्हणले, “पेटीत ठिव.”

म्हणलं, पेटीत कशाला, उत्तर द्यायचंय.

“कशाला उकरायचं आता.” बस. टॉवेल खांद्यावर टाकून शेतात गेले.

आठ वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून बेबीचं नाव आलं न्हाई. फोटो मीच लावला, हार मीच बदलते. बाप असा असतो का? दगडसुद्धा उन्हात तापतो.

१४ जून, शुक्रवार

फारम भरला. बावीस प्रश्न. सातवा प्रश्न — ‘आपल्या मते सदर मृत्यू टाळता आला असता काय? होय / नाही.’ ‘होय’ वर खूण केली. एवढी दाबली की पेन आरपार गेलं, खाली चटईवर शाई.

शेवटचा प्रश्न — ‘समितीकडून आपली अपेक्षा.’ जागा दोन ओळींची. मी लिहिलं: ‘कागदावरचा स्टो खोडा. त्या घरात स्टो न्हवता. मला दुसरं काही नको.’

खरंच नको. मच्छिंद्राला, माझ्या जावयाला, फाशी व्हावी असं पह्यल्या वर्षी वाटायचं. आता त्यानं दुसरी बायको केली, दोन पोरं झाली, बाजारात दिसला तर तोंड फिरवतो. कोर्टात आता काय उभं राहणार, मला कळतं. पर माझी लेक येडी न्हवती. तिला पंप मारता येत न्हवता, तिनं हयगय केली, असं त्या कागदावर लिहून ठेवलंय. मेल्यावर तिच्यावरच ठपका! तेवढा काढा म्हणते मी.

त्या गावाचं नाव मी ह्या वहीत लिहिणार न्हाई. परतूरच्या ह्या अंगाला आम्ही, त्या अंगाला ते. तीन कोस.

२ जुलै, मंगळवार

समितीची बाई येऊन गेली. शरयू सेलूकर म्हणे. जालन्याच्या कॉलेजात शिकवतात. सुती साडी, खांद्याला झोळी, झोळीत टेपरेकॉर्डर. जीपमधून उतरल्या उतरल्या हात जोडले, “गिरिजाबाई, तुमचा थोडा वेळ घेऊ का?”

माझा वेळ! माझ्याकडं आठ वर्षं आहेत, कितीबी घ्या.

पह्यलं त्यांनीच सांगितलं की आमची समिती कुणाला शिक्षा करायला न्हाई. केस पुन्हा उघडणार न्हाई. “यातून काय शिकता येईल ते पाहायचंय, म्हणजे पुढच्या मुली वाचतील.”

मी म्हणलं, मॅडम, माझी पोरगी काय धडा आहे का? पाटीवर लिहून पोरांकडून घोकून घ्यायला?

टेप चालूच होती. हे बी गेलं असंल तिच्यात.

मंग मी सगळं सांगितलं. मथुरा, माझी धाकटी, तिच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला मी आठ दिवस आधी बेबीकडं गेल्ते. तिची सासू झुंबरबाई चुलीपुढं बसली होती. तिथं चूल, एक आडचूल, फडताळ, कणगी. स्टो न्हवता. बेबीच्या कोपराला काळंनिळं. “पडले,” म्हणली. मी म्हणलं, लग्नाला चार दिवस आधीच ये, मंग बघू. हो म्हणली. एकवीस तारखेला सकाळी माणूस आला. दाराला भाईरून कडी होती, शेजारच्या तुळजाबाईनं काढली, मी पोचल्यावर तिनंच मला बोटानं दाखवली. पुढं जबाबात तुळजाबाईला काही आठवलं न्हाई.

“तुमच्याकडे स्टो होता का? तिला सवय होती का?” असं विचारलं. म्हणलं, होता एक, माझ्या आईनं दिलेला, पितळी. बेबीला बराबर पेटवता यायचा, दहा वर्षांची असल्यापासून. आता न्हाई. बेबी गेली त्याच धांदलीत मालकांनी तो परतूरला दुरुस्तीला टाकला, ते दुकानच बसलं. बरं झालं. मला आता रॉकेलच्या वासानं मळमळतं, राशनचं रॉकेल बी मी शेजारी देऊन टाकते.

जाताना त्यांनी टेप बंद केली आन विचारलं, “कशी होती हो बेबीनंदा?”

हे कुणी विचारलं न्हवतं. जमादारानं न्हाई, तहसीलदारानं न्हाई, पाहुण्यांनी न्हाई. मी बोलत सुटले. सागरगोट्यात कुणाला जिंकू द्यायची न्हाई. शिवताना दोरा दातानं तोडायची, कात्री समोर असली तरी. तिची भाकर कधी गोल झाली न्हाई, पर कडा अशा भाजायची की मथुरी नुसत्या कडाच मागायची. लई तापट. माझ्यावरच गेल्ती.

नंतर माझाच राग आला. ही बाई गोड बोलून सगळं काढून घेऊन गेली, आता लिहील तिकडं काय लिहायचं ते. मालक तेवढा टाइम गोठ्याच्या मागं. जीप गेल्यावर उगवले. “काय काय बोलली?” म्हणून दोनदा विचारलं. मी सांगितलं न्हाई. तिथंच का न्हाई बसले मंग.

३० जुलै

तांदूळ आले. परातीत निवडून घेतले. आईची परात. माझी आई साळूबाई, जे जे दिलं त्याच्यावर नाव घालून दिलं. तांब्या, परात, पळी, पोह्याचा डबा — कासाराकडं बसून, समोर ठोकून घ्यायची, ‘साळूबाई भिकाजी हिजकडून’. ठिपक्या ठिपक्यांचं. भाऊ चिडवायचा, आई, बैलाच्या शिंगावर बी घाल नाव. ती म्हणायची, माणूस इसरतो, भांडं इसरत न्हाई. अंगणवाडीतली पोरं परातीवरच्या ‘सा’ वर बोट फिरवतात. त्यांना फळ्यावरचा ‘सा’ येत न्हाई, परातीवरचा येतो.

१३ ऑगस्ट

नागपंचमी. गल्लीत झोके. दार लावून घेतलं.

२६ ऑगस्ट, सोमवार

शरयूबाईंचं पत्र. हातानं लिहिलेलं. माझी ‘अपेक्षा’ समितीपुढं ठेवली म्हणे. अध्यक्ष भालचंद्रसाहेब, रिटायर तहसीलदार, ते म्हणले, आईचं मन, दुसरं काय. पर शरयूबाई हटून बसल्या. ‘पंचनाम्यात जप्त केलेल्या वस्तू ठाण्याच्या कोठीत अजून आहेत का ते शोधायला लावले आहे. कुटुंबाला ऐकायचे तर पूर्ण ऐकले पाहिजे.’

म्हणजे आहे तर ही बाई कामाची. उगीच बोलले त्या दिवशी. न्हाई, उगीच न्हाई. बोलले म्हणूनच ती हलली.

मालकांना सांगितलं, कोठीतून स्टो काढून राह्यलेत, कळंल आता कुणाचा आहे ते. रखमाजीनंच कुठून तरी आणून ठिवला असणार. रखमाजी म्हणजे बेबीचा सासरा. मालक जेवत होते. अर्ध्यातून उठले. पोट दुखतंय म्हणले.

११ सप्टेंबर

बोलावणं आलं. अठरा तारीख, जालना. मालक म्हणतात जाऊ नको. का? तर म्हणे मथुरीच्या सासरी कळलं तर बरं दिसत न्हाई. आठ वर्षांच्या संसाराला, दोन लेकरांच्या आईला आता काय होतंय? म्हणलं, तुम्ही नका येऊ. मी जाणार. “न्हाई गेलेलं बरं, अगं,” पुन्हा म्हणले. आवाज भलताच बारीक. भित्रा माणूस. जन्मभर भित्रा.

१८ सप्टेंबर, बुधवार

ओळखीची न्हाई म्हणून सांगितलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

परवा हात चालला न्हाई. आज लिहिते.

मोठी खोली, लांब टेबल, हिरवं कापड. भालचंद्रसाहेब मधी, शरयूबाई डाव्या अंगाला, आणखी दोघं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा दिला. सगळं बराबर. मंग शिपायानं पोतं आणलं. तोंडाला सुतळी, सुतळीला लाख, लाखंला चिठ्ठी. साहेबांसमोर सोडलं.

आतून स्टो निघाला. काळाकुट्ट. भालचंद्रसाहेब म्हणले, “बाई, घरात स्टोव्ह नव्हता म्हणता. मग हे काय आहे?”

मी म्हणलं, साहेब, असं काळं करून कुण्या घरचा बी ठिवता येतो. हा त्या घरचा न्हाई. मी ठासून म्हणलं. सगळ्यांकडं बघून.

शरयूबाईंनी शिपायाला फडकं मागितलं. स्वतः पुसायला लागल्या. टाकी पुसली तशी पितळ दिसायला लागली. म्हणल्या, “इथे काहीतरी कोरलंय.” चष्मा लावला. एक एक अक्षर वाचलं. “सा… ळू… बाई… भिकाजी… हिजकडून.”

टाकीला डाव्या अंगाला पोचा होता. बेबीनं लहानपणी पाडला होता त्याचा. मी तिला मारलं होतं त्यावरून.

शरयूबाईंना लई आनंद झाला. “गिरिजाबाई, तुमचं खरं असेल! हा बाहेरून आणलेला असू शकतो. ही साळूबाई कोण, ते शोधलं की कळेल. तुमच्या ओळखीत, त्यांच्या भावकीत आहे का कुणी या नावाची?”

मला माझ्या आईला ओळख देता आली न्हाई. म्हणलं, न्हाई. माझ्या ओळखीची न्हाई.

“नीट आठवा.”

न्हाई म्हणलं. दोनदा म्हणलं. भालचंद्रसाहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढची फाईल मागवली. शरयूबाई माझ्याकडं बघत राह्यल्या. त्यांचा हिरमोड झाला ते मला दिसलं. मी उठले.

यष्टीत बसल्यावर कळलं, चप्पल उलटी घातली होती. परतूर येईपर्यंत तशीच.

आपल्या घरातून स्टो तिथं गेला. पायानं चालत गेला न्हाई.

२१ सप्टेंबर, शनिवार

शेतात गेले. मालक सरकीत खुरपत होते. धुऱ्यावर उभी राह्यले आन विचारलं, आईचा स्टो कोणत्या दुकानात दिल्ता दुरुस्तीला?

खुरपं थांबलं. वर बघितलं न्हाई.

पुन्हा विचारलं. दुकानाचं नाव सांगा.

तिथंच बसले, सरीत. मंग निघालं. तुटक तुटक. जसं बोलले तसं लिहिते, म्हणजे उद्या मलाच खोटं वाटायला नको.

“मी गेलो तर तिला वाकळंनं झाकलेलं. जमादार आल्ता. रखमाजीनं माझे पाय धरले. सगळ्या गावादेखत.”

“जमादार म्हणला, भडका लिहायचा तर स्टो पायजे. चुलीचा भडका कसा लिहू. ह्यांच्यात न्हाई तर आणा कुठून तरी, पर जल्दी आणा, पंचनामा खोळंबलाय. त्या गावातून कुणी देईना. कोण देईल.”

“तसं बी मला घरी यायचंच होतं. साडी न्यायला.”

सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची लागते. ती न्यायला हे रखमाजीच्या पुतण्याच्या राजदूत फटफटीवर बसून आल्ते. हे मला आठवतं. मीच पेटी उघडली. मथुरीच्या लग्नात नेसायला बेबीसाठी हिरवी घेतली होती, तीच काढून दिली. त्यांच्या हातात पोतं होतं. साडीला पोतं कशाला, एवढं बी माझ्या डोक्यात आलं न्हाई.

“तुझ्यासमोरून नेला,” म्हणले. “तू वसरीवर बसली होती. बायांनी धरलं होतं. माझ्याकडंच बघत होती. तुला दिसत न्हवतं.”

खाली स्टो, वर साडी. एकाच पोत्यात.

विचारलं, त्याच्यात रॉकेल होतं? “होतं. अर्धं.” मीच भरलं होतं, आदल्या दिवशी. आन काळा कुणी केला? “रखमाजीच्या भावानं. जळकी चिंधी फिरवली.” आन नाव? त्याच्यावर आईचं नाव आहे, हे तुमच्या ध्यानात न्हवतं?

तेव्हा पह्यल्यांदा वर बघितलं. न्हवतं ध्यानात. तीस वर्षं त्या भांड्यांत जेवला हा माणूस, कधी नाव वाचलं न्हाई.

मी म्हणलं, कडी भाईरून होती, तुम्हाला ठाऊक होतं? म्हणले, “तुळजाबाईनं मला बी दाखवली.”

मी ढेकूळ उचललं. मारलं. खांद्याला लागलं, फुटलं. दुसरं उचललं. ते हलले न्हाईत. म्हणले, “मथुरीच्या पत्रिका वाटल्या होत्या. अकरा दिवस राह्यले होते. केस झाली असती तर पोरगी घरात बसली असती. दोन लेकी होत्या मला. एक गेलीच होती.”

लेकीचं सुतक माहेराला तीन दिवसांचं. तीन दिवस पाळलं, अकराव्या दिवशी मांडव घातला. मी मथुरीला हळद लावली. लोक मालकांबद्दल म्हणत होते, पुंजारामानं काळजावर दगड ठिवला. दगड न्हवता ठिवला, स्टो ठिवला होता.

२२ सप्टेंबर

भाकरी केल्या. वाढल्या न्हाईत. झाकून ठिवल्या. घेईल घ्यायचं तर.

२४ सप्टेंबर

आठ वर्षं जगाला शिव्या दिल्या. जमादार, रखमाजी, झुंबरबाई, तुळजाबाई, भालचंद्र. त्या सगळ्या आज तोंडात कडू लागतात. आन मी काय केलं? मला नाव माहीत होतं, मी सांगितलं न्हाई. तुळजाबाईला कडी आठवली न्हाई, मला आई आठवली न्हाई. काय फरक?

आणि तरी बी काय सांगायचं होतं? माझ्या नवऱ्यानं आणला म्हणून? त्यांना बेड्या पडतील. राजूरला मथुरीच्या नवऱ्याचं दुकान आहे, गणपतीपुढं, नारळाचं. उद्या गिऱ्हाईक त्यालाच विचारंल.

९ ऑक्टोबर

शरयूबाईंचं कार्ड. ‘साळूबाईंबद्दल काही आठवले तर कळवा.’ चुलीत घातलं. मंग काढलं. कोपरा जळाला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मालक वाळलेत. खोकतात. शेजारीण म्हणली, दवाखान्यात न्या की. म्हणलं, पाय आहेत त्यांना.

काल ते फोटोपुढं उभे होते. मी आले तशी सरकले. बघा म्हणलं, आता बघता येतंय तर बघा. मला दया येत न्हाई. येईल असं वाटतं, थांबून बघते, येत न्हाई.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मथुरा दिवाळीला आली. लेकरं अंगणात. तिच्या लगेच ध्यानात आलं. “आई, तुम्ही दोघं बोलून न्हाई राह्यले?”

सांगायचं न्हवतं. सांगितलं. चकलीचं पीठ मळता मळता सगळं, पोत्यापासून नावापर्यंत. ती ऐकत राह्यली. चकली पाडायची थांबली न्हाई, फक्त एक वेढा वाकडा गेला.

मी म्हणलं, तुझ्यासाठी केलं म्हणतात. तुझं लगीन मोडलं असतं.

तिनं कढईतल्या चकल्या काढून घेतल्या. मंग म्हणली, “मोडलं असतं तर मोडलं असतं. दुसरं झालं असतं न्हाई तर न्हाई. मला कुणी विचारलं होतं?”

नंतर म्हणली, “बेबीताई असती तर तिनं माझ्या नावावर असलं काही होऊ दिलं असतं का?” आन रडायला लागली. कढई उतरवून ठिवली मी.

म्हणलं, तुझ्या नवऱ्याला कळंल. म्हणली, “आजच सांगते. माझ्या तोंडून कळलेलं बरं.”

जाताना बापाच्या पाया पडली न्हाई. मालक दारात हात पुढं करून उभे होते. तसेच राह्यले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज दोन लखोटे. एक समितीचा, एक आमच्या अंगणवाडीच्या ऑफिसचा.

समितीचा अहवाल, माझ्यापुरतं पान. ‘प्रकरण क्र. ३१. मयताच्या आईस मुद्देमाल दाखविण्यात आला. घरात स्टोव्ह नव्हता हे तिचे म्हणणे टिकत नाही. स्टोव्हवरील नावाचा उलगडा झाला नाही. मृत्यू अपघाती असल्याचा मूळ निष्कर्ष कायम. कुटुंबाच्या सहभागाबद्दल समिती आभारी आहे.’

दुसरा लखोटा. ‘विषय: समितीच्या शिफारशीनुसार स्टोव्ह सुरक्षित हाताळणी मेळावा.’ गावोगावी अंगणवाडी सेविकांनी बायांना जमवून स्टोव्हला पंप किती मारावा, पिन कशी करावी, पदर कसा खोचावा, हे दाखवायचं. प्रात्यक्षिकासह. अहवाल पाठवायचा. आमच्या गावाला तारीख बारा डिसेंबर. प्रमुख पाहुण्या शरयू सेलूकर.

म्हणजे मी दाखवायचं. बेबीच्या आईनं उभं राहून गावातल्या पोरींना सांगायचं, पदर खोचा गं, न्हाई तर माझ्या लेकीसारखं होईल. म्हणजे खरंच धडा केला तिचा, आन तो बी खोटा. आन त्याच्यावर सही माझी. मी ‘न्हाई’ म्हणले तीच सही.

हसायला आलं. एकटीच हसले. मालक खाटेवरून बघत होते.

२ डिसेंबर

मालकांना सांगितलं, बारा तारखेला मी बोलणार आहे. सगळं. तुमच्या नावासकट. कुठं पळून जायचं तर आजच जा, मी अडवणार न्हाई.

म्हणले, “कुठं जाऊ.”

म्हणलं, ते मला काय माहीत.

९ डिसेंबर

ऑफिसातून निरोप — प्रात्यक्षिकाला स्टो कुणाकडून तरी मागून घ्या. म्हणलं, बरं.

१२ डिसेंबर, गुरुवार

मेळावा झाला. पन्नासेक बाया. स्टो मागितला न्हाई कुणाला. पिशवीत आईचा तांब्या नेला, तो टेबलावर ठिवला आन शरयूबाईंना म्हणलं, मॅडम, ह्याच्यावरचं नाव वाचा, मोठ्यानं. त्यांनी वाचलं. वाचता वाचता आवाज थांबला. पुढचं मी सांगितलं — स्टो कोणत्या घरातून गेला, कशाखाली गेला, कुणी नेला. मालक दारात उभे होते. बायांनी वळून बघितलं. मी त्यांना बसा म्हणलं. बसले न्हाईत. म्हणले, “तिला पुरं सांगू द्या.”